विद्यापीठ, कॉलेजं आणि पुणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठांतून आणि नदीपलीकडच्या कॉलेजांच्या आवारांतून मी लोकांना फिरवून आणते. फिरताना विचारलेले प्रश्न आणि नंतर लिहून पाठवलेले प्रश्न यांत बरेचसे तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. बहुतेक पुण्याबद्दल आहेत, काही इतर शहरांबद्दल. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पुण्यात विद्यापीठ आहे म्हणूनच पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात ना?

क्रम उलटा आहे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ). त्याआधी सव्वाशे वर्षं इथे उच्च शिक्षण चालू होतं. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. अभियांत्रिकीचं शिक्षण १८५४ पासून आहे, फर्ग्युसन १८८५ चं, स. प. महाविद्यालय १९१६ चं. ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पुण्यात शिकलेल्या मुलाच्या पदवीवर नाव मुंबईचं असायचं.

आपल्याकडे १८५७ पासून विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी संस्था. राहणं, शिकणं, जेवणं, भांडणं, नाटक करणं हे सगळं कॉलेजात. त्यामुळे ‘विद्यापीठाने शहर घडवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ते काम बहुतेक ठिकाणी कॉलेजांनी केलेलं असतं. या पानावर दोन्ही एकत्रच धरली आहेत.

२. नदीपलीकडचं पुणं कॉलेजांनी वसवलं, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं, पूर्ण नाही. फर्ग्युसन सुरू झालं ते पेठेतल्या वाड्यात. दहा वर्षांनी ते भांबुर्ड्याच्या (आजच्या शिवाजीनगरच्या) बाजूला, टेकडीच्या पायथ्याशी आजच्या जागेत गेलं. तेव्हा लकडी पूल ओलांडला की शेतं आणि माळ. पेठेतून तिथे शिकायला जायचं म्हणजे गाव सोडूनच जायचं.

कॉलेज गेलं तशी शिकवणारी माणसं गेली. शाळेत किंवा कॉलेजात शिकवणाऱ्याला वाड्यातल्या दोन खोल्यांऐवजी कॉलेजाजवळ प्लॉट घेऊन छोटा बंगला बांधणं शक्य झालं. मग त्याच पट्ट्यात एकेक संस्था आली: भारत सेवक समाज १९०५, भांडारकर संस्था १९१७, विधी महाविद्यालय १९२४, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०. संस्थांमागून बंगले, बंगल्यांमागून किराणा आणि शाळा. आज रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलात तरी हा इतिहास कळतो. भांडारकर रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, फर्ग्युसन रस्ता (त्याचं कागदोपत्री नाव नामदार गोखल्यांचं आहे), आगरकर पथ, कर्वे रस्ता. एवढे मास्तर आणि प्राध्यापक ज्याच्या नकाशावर आहेत असं दुसरं शहर मला तरी माहीत नाही.

सगळ्यात लांबची उडी धोंडो केशव कर्व्यांची. १९०० मध्ये त्यांनी गावापासून दूर हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवा आणि अनाथ मुलींचा आश्रम तिथे नेला. रस्ता नीट नव्हता, कर्वे पायी ये-जा करत. १९१६ मध्ये त्याच कामातून महिला विद्यापीठ उभं राहिलं. विद्यापीठाचं मुख्यालय पुढे मुंबईला गेलं, पण हिंगण्याची वस्ती वाढत राहिली आणि तिला नाव पडलं कर्वेनगर. आज तिथे राहणाऱ्या अनेकांना ही झोपडी ठाऊक नसते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पूर्ण खरं नाही असं म्हटलं ते प्लेगमुळे. १८९७ च्या साथीनंतर दाट पेठांतून मोकळ्या जागेत जायची ओढ कॉलेजाशी संबंध नसलेल्या लोकांनाही लागली. पुढे १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे वाडे पडले आणि उरलेले लोक हलले.

३. विद्यापीठाला गणेशखिंडीचीच जागा का मिळाली?

तिथे मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान होतं. आजची विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच, १८६० च्या दशकात बांधायला घेतलेली. २२ जून १८९७ च्या रात्री इथलाच राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी गोळी झाडली. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरांच्या मनोऱ्याखाली विद्यापीठ बसलं आणि मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. सुमारे ४११ एकरांचं सलग आवार एकदम मिळालं. अशी जमीन पेठांजवळ विकत घेणं कोणालाच परवडलं नसतं.

४. कॉलेजांनी शहराच्या मध्यात एवढ्या जागा अडवून ठेवल्या आहेत, त्या घरांसाठी मोकळ्या का करत नाहीत?

हा प्रश्न रागाने येतो. घरांच्या किमती पाहिल्या की राग समजतोही. पण विद्यापीठाचं आवार, कृषी महाविद्यालयाची शेतं, फर्ग्युसनची टेकडी आणि विधी महाविद्यालयामागची टेकडी नकाशावरून पुसून पाहा. पश्चिम पुण्यात पाणी मुरायला आणि सकाळी चालायला काय उरतं? शिवाय ही जमीन शिक्षणासाठी दिलेली आहे, ती सहजासहजी दुसऱ्या कामाला लावता येत नाही.

रस्त्यांसाठी मात्र यातल्या पट्ट्या जातच असतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल दीड दशकही न टिकता २०२० मध्ये पाडला आणि मेट्रोसकट दुमजली पूल बांधायला घेतला. गणेशखिंड रस्त्यावरचे मोठे वृक्ष त्या रुंदीकरणात गेले. ते वृक्ष पाहिलेल्या कोणालाही विचारा.

५. विद्यार्थ्यांमुळे पेठांत नेमकं काय बदललं?

स्वयंपाकघर बदललं. इथे मी घरचंच सांगते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांत आईची खानावळ होती. सकाळी दोन पंगती, रात्री दोन. महिन्याचं कार्ड, सलग तीन दिवस आला नाही तर खाडे वजा. खाड्यांची वही दाराजवळच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली असायची आणि मेंबरांनी स्वतःच त्यात खाडा मांडायचा. रविवारी सकाळी फीस्ट, संध्याकाळी चूल बंद. परीक्षेच्या दिवसांत मुलं कमी जेवतात म्हणून आई मुगाची खिचडी लावायची आणि पापड वाढताना प्रत्येकाला विचारायची, “पेपर कसा गेला?” उत्तर ऐकून घ्यायला ती थांबायची, हे मला आजही दिसतं.

आमच्यासारखी खानावळ गल्लीगल्लीत होती. नोकरीचा दाखला नसलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या, नवरा गेलेल्या कितीतरी बायकांच्या हातात रोख पैसा आला तो कॉलेजच्या मुलांमुळे. शहराच्या अर्थकारणाच्या गप्पांत हे फार कमी येतं, म्हणून मुद्दाम सांगते.

बाकी गोष्टी सगळ्यांना दिसतात: झेरॉक्स आणि बायंडिंगची दुकानं, तास-दोन तास एका चहावर बसू देणारी हॉटेलं आणि अप्पा बळवंत चौक. त्या चौकात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. जुनी पुस्तकं विकायला आलेला आणि तीच घ्यायला आलेला असे दोघं एकाच दुकानाच्या पायरीवर उभे असतात. पेठेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि परीक्षा संपल्या की मे महिन्यात गल्ल्या शांत होतात.

६. ‘कॉट बेसिस’ पुण्यातच एवढं का रुजलं?

कारण भाड्याचा कायदा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली आणि त्यांना घराबाहेर काढणं जवळजवळ अशक्य झालं. वाड्याच्या मालकाला महिन्याला मिळणाऱ्या पैशांत कौलंही शाकारता येईनात. अशा मालकाला दोन-तीन वर्षांत नक्की निघून जाणारा विद्यार्थी सोयीचा होता. पूर्ण खोली कोणालाच द्यायची नाही, खोलीत चार कॉट टाकायच्या आणि कॉटमागे पैसे घ्यायचे. एक कॉट, एक गादी, भिंतीतलं अर्धं कपाट, नळावर नंबर.

यामुळे गावाकडच्या मुलाला परवडेल असं छप्पर मिळालं. त्याच वेळी खोलीत माणसं कोंबायची सवयही लागली, आणि ती सवय नव्या इमारतींतही गेली आहे.

७. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, असं घरमालक म्हणतात. खरं का?

महाराष्ट्रात खरं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. नोंदणी ऑनलाइन होते, तेव्हा टाळायला कारण नाही. शिवाय हाच कागद पुढे मतदार नोंदणीला उपयोगी पडतो (प्रश्न १२).

८. आमच्या सोसायटीने ‘विद्यार्थ्यांना फ्लॅट देऊ नका’ असा ठराव केला आहे. आता?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना संस्थेला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते आणि पोलिसांकडे माहिती द्यायची असते. बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तुमच्या संस्थेचे स्वीकारलेले उपविधी आधी वाचा, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी जा.

कायद्यापलीकडचं माझं मत: ज्या शहराचं पोट विद्यार्थ्यांवर चालतं त्याने त्यांना दारातून परत पाठवू नये. आवाजाची तक्रार असेल तर आवाजाबद्दल बोलावं.

९. बाहेरच्या उपनगरांत एवढी कॉलेजं एकदम कुठून आली?

१९८३ च्या सुमारास. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. पेठांत आणि डेक्कनवर जागा नव्हती, म्हणून नवी कॉलेजं कोथरूड, धनकवडी, बिबवेवाडी, आकुर्डी अशा तेव्हाच्या कडेच्या भागांत गेली. फर्ग्युसनने नव्वद वर्षांपूर्वी केलं तेच पुन्हा घडलं (प्रश्न २), फक्त वेग फार मोठा होता. आधी कॉलेज, मग टपऱ्या, मग मेस, मग शेतकऱ्याने शेतात बांधलेली चार मजली ‘होस्टेल’ इमारत. रस्ता आणि ड्रेनेज सगळ्यात शेवटी. धनकवडी-कात्रज भागात हा क्रम डोळ्यांनी पाहिलेले लोक अजून आहेत.

१०. कारखाने आणि आयटी कंपन्या पुण्यात आल्या त्या कॉलेजांमुळेच का?

एकट्या कॉलेजांमुळे नाही. मुंबईचं अंतर, जमीन, पाणी, सरकारची औद्योगिक धोरणं हे सगळं होतं. पण शिकलेला अभियंता इथेच मिळतो याचा वाटा मोठा होता. संशोधन संस्थाही एकीमागून एक जवळजवळ आल्या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये पाषाणला. १९८८ मध्ये संगणक संशोधनाची सी-डॅक आणि जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची आयुका, दोन्ही विद्यापीठाच्या आवारात. १९९१ चा परम ८००० महासंगणक सी-डॅकचा. २००६ मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, पुन्हा पाषाण रस्त्यावर. औंध, बाणेर, पाषाण हा पट्टा आज जसा दिसतो त्यात या शेजाराचा हात आहे.

११. आणि स्पर्धा परीक्षांची मुलं? ती तर कुठल्याच कॉलेजात नसतात.

बरोबर, आणि अडचण तिथेच आहे. सदाशिव, नारायण, नवी पेठ, शास्त्री रस्ता इथल्या अभ्यासिकांत एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास करणारी हजारो मुलं-मुली पदवीधर आहेत, पण आता त्यांची कुठे नोंदणी नाही. वसतिगृह नाही, बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचा दाखला) नाही, कुलगुरूंकडे नेता येईल अशी तक्रार नाही. कॉलेजांनी तयार केलेली खोली-मेस-झेरॉक्सची सगळी रचना ते वापरतात, पण त्यांना जबाबदार असलेली संस्था कोणतीच नाही.

अभ्यासिका आतून पाहिली नसेल तर एकदा पाहा. अडीच फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूड, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, खाली चपला आणि पाण्याची बाटली. या खुर्चीवर माणूस चार-पाच वर्षं बसतो. ११ मार्च २०२१ ला, एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, तेव्हा हीच मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली. नवी तारीख २१ मार्च मिळाली. एरवी शहराला ती दिसत नाहीत.

१२. मी मूळची परभणीची, पुण्यात शिकते. मतदान कुठे करायचं?

निवड तुमची. घरी आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा किंवा वसतिगृहाच्या, राहत्या पत्त्यावर नोंदवा. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल तर नमुना ६ सोबत कॉलेजचं बोनाफाइड जोडून अर्ज करता येतो. नाव दोन्हीकडे ठेवता येत नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांना बोनाफाइडचा रस्ता नाही (प्रश्न ११), पण इथे नेहमी राहत असल्याचा पुरावा देऊन नोंदणी होते. नोंदणीकृत भाडेकरार त्यासाठी चालतो (प्रश्न ७). माझा आग्रह आहे की पाच वर्षं राहणार असाल तर नाव इथे नोंदवा. पाणी, बस आणि फुटपाथ नगरसेवकाकडे मागायचे असतात, आणि नगरसेवक यादी बघतो.

१३. नाटक-गाण्याचं पुणं आणि कॉलेजांचं पुणं यांचा काही संबंध?

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी बाहेर उभं राहा. १९६३ पासूनची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. “अरे आव्वाज कुणाचा?” ही आरोळी आत सुरू झाली की रस्त्यावर ऐकू येते. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक पहिल्यांदा इथे उभे राहिले.

१४. विद्यापीठाचं क्षेत्र कमी झालं की शहराचं महत्त्व घटतं का?

पुण्याचं घटलं नाही. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेचे जिल्हे गेले, १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झालं आणि खानदेश गेला. आता पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढे जिल्हे आहेत. मुलं मात्र चारही दिशांनी येतच राहिली, कारण ती विद्यापीठाचं नाव पाहून नाही, कॉलेज, खोली आणि ओळखीचा सीनियर पाहून येतात. फायदा झाला तो नव्या शहरांचा. सोलापूरला २००४ मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळाल्यावर गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी रजा काढून कोल्हापूर गाठायची वेळ तिथल्या मुलांवर येईना.

१५. विद्यापीठ येण्याआधीच शिक्षणाने शहर बदललं, असं आणखी कुठे?

कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी एकेक बोर्डिंग उभं करायला मदत केली. दसरा चौकाच्या परिसरात फिरताना त्या इमारती दिसतात. खेड्यातल्या मुलाला शहरात हक्काची रात्र मिळाली, ती विद्यापीठाच्या साठ वर्षं आधी.

दुसरं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं, तेव्हाच्या औरंगाबादचं. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे कॉलेज सुरू केलं, पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आलं. नागसेनवनाच्या त्या परिसरात मराठवाड्यातल्या दलित मुलांची पहिली पदवीधर पिढी तयार झाली. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर दूरदूरून आलेली माणसं लहान मुलांना खांद्यावर घेऊन नतमस्तक होतात. त्यांतल्या अनेकांनी त्या विद्यापीठात कधी पाऊल टाकलेलं नसतं.

१६. मुंबईत तर १८५७ पासून विद्यापीठ आहे. मुंबई ‘विद्यार्थ्यांचं शहर’ का झाली नाही?

मुंबई आधीच बंदराची आणि गिरण्यांची होती. तिथे विद्यार्थी हा लाखांतला एक. राहायला जागा महाग, म्हणून मुलं लोकलने घरूनच येतात, त्यामुळे कॉलेजभोवती खोल्या आणि मेसची वस्ती तयार होत नाही. राजाबाई टॉवर शहराची खूण झाला, पण त्याच्या आजूबाजूला कोर्ट आणि कचेऱ्या आहेत, खानावळी नाहीत. गोवा विद्यापीठाचं वेगळंच: ते १९८५ मध्ये सुरू झालं आणि ताळगावच्या पठारावर वसलं, पणजीपासून थोडं बाजूला, आणि बहुतेक मुलं गावाहून बसने किंवा दुचाकीवर येऊन-जाऊन शिकतात.

१७. मी दोनच वर्षं पुण्यात होतो. माझ्यासारख्यामुळे शहरात काय फरक पडला असणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि मी त्यावर आईच्या भरिताची गोष्ट सांगते. जळगावकडचा एक मेंबर होता. आई दही घालून करायची ते भरीत तो गप्प खायचा. एका रविवारी त्याने गावाहून हिरवी वांगी आणली, शेगडीवर भाजली, हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घातला, वर कांद्याची पात. पंगतीतल्या सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात आईने तसंच केलं. दोन वर्षांनी तो गेला, त्याचं नावही आता आईला नीट आठवत नाही. पण आमच्याकडे भरीत अजून हिरव्या मिरचीचंच होतं. दह्याचं भरीत माझ्या मुलीने कधी खाल्लेलं नाही.